फुकटचा राग, विकतचा संयम

पूर्वी मराठी माणसाला क्रिकेट, राजकारण आणि शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न एवढ्या तीन विषयांवर ठाम मत असलं की त्याचं भागत असे. आता त्याला तंत्रज्ञान हा चौथा विषय मिळाला आहे आणि तो आधीच्या तिन्हींपेक्षा सोयीचा आहे. क्रिकेटमध्ये संध्याकाळी धावफलक लागतो. राजकारणात पाच वर्षांनी का होईना, मतमोजणी होते. मुलीच्या लग्नाचंही काय ते एकदा ठरतं. तंत्रज्ञानावर मत देणाऱ्याकडे मात्र मागचा हिशेब कोणी मागत नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरात फेसबुकच्या कंपनीनं स्वतःचं नाव बदलून मेटा करून घेतलं, तेव्हा हिंजवडीतल्या एका चहाच्या टपरीवर एक गृहस्थ सांगत होते की यापुढे ऑफिस, साखरपुडे आणि बारशी सगळं डोळ्यांवर चढवायच्या चष्म्यातल्या आभासी जगात होणार. तिथे आत्ताच एखादा प्लॉट घेऊन ठेवा, असा सल्लाही त्यांनी दिला. हिंजवडीत परवडत नाही, तर निदान आभासी जगात. पुढे ते माकडांच्या चित्रांच्या एनएफटीवर बोलू लागले. सध्या ते एआयवर बोलतात. टपरी तीच, ग्लास तोच आणि आवाजातली खात्रीही तीच. मधल्या भाकितांचं काय झालं हे विचारणं टपरीच्या शिष्टाचारात बसत नाही.

तंत्रज्ञानाची बातमी वाचायची म्हणजे मथळा वाचायचा, हे आता सर्वमान्य झालं आहे. ‘प्रोग्रामरच्या नोकऱ्या जाणार?’ असा मथळा आला की संपादकानं स्वतःच्या सुटकेसाठी शेवटी ठेवलेलं प्रश्नचिन्ह तेवढं वाचक गाळतो आणि उरलेलं वाक्य फॅमिली ग्रुपवर टाकतो. खाली बारा अंगठे उमटतात. त्यात एक अंगठा ज्याची नोकरी जाणार असते त्याचाही असतो.

ही मतं वर्षानुवर्षं कानांवर पडून मला त्यांतला एक नियम सापडला आहे. माणूस ज्या सॉफ्टवेअरला भरपूर पैसे मोजतो, त्याच्याशी तो अत्यंत समजुतीनं वागतो. जे सॉफ्टवेअर त्याला फुकट मिळतं, त्याच्यावर तो मनापासून चिडतो. भाजी मंडईपासून बँकेच्या काउंटरपर्यंत सगळीकडे याच्या उलट चालतं. कॉम्प्युटरसमोर बसलं की मात्र माणसाचा स्वभाव पालटतो.

पहिला पुरावा माझा भाचा. आईनं ताट वाढायला दहा मिनिटं उशीर केला, तर हा मुलगा घर डोक्यावर घेतो. पण ‘जीटीए ६’ या गेमच्या बाबतीत तो एखाद्या योग्यासारखा शांत आहे. त्या गेमची पहिली झलक २०२३ च्या डिसेंबरात आली. आधी २०२५ चा वायदा झाला, मग मे २०२६ चा आणि मग १९ नोव्हेंबर २०२६ चा. दर वायद्याला भाचा म्हणतो, “मामा, घाईत केलेलं काम चांगलं नसतं.” हे वाक्य त्यानं स्वतःच्या अभ्यासाबद्दल म्हटलं असतं, तर आम्ही पेढे वाटले असते.

‘सायबरपंक २०७७’ हा गेम २०२० च्या एप्रिलमध्ये येणार होता. तो आधी सप्टेंबरवर, मग नोव्हेंबरवर गेला आणि शेवटी डिसेंबरात अवतरला. तोही असा की सोनीनं काही दिवसांतच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. गेममधली माणसं भिंतीत घुसत होती आणि गाड्या हवेत उडत होत्या. भाच्याचं मत पक्कं होतं: “पॅच येईल.” पॅच म्हणजे आज पैसे घेऊन दिलेल्या वस्तूचा उद्या मिळणारा उरलेला भाग. बिल्डरनं फ्लॅट देताना ‘बाथरूमचा पॅच पुढच्या महिन्यात’ असं सांगितलं, तर याच भाच्याचे वडील ग्राहक मंचात जातील.

या क्षेत्रातला सगळ्यात मोठा सहनशील वर्ग ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’च्या चाहत्यांचा. तो गेम १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये आला. घोषणेच्या वेळी जन्मलेलं मूल तोवर नववीत पोचलं होतं. गेम कसा निघाला हे त्या चाहत्यांना विचारू नये. चौदा वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

आणि ही किंमत एकदा मोजून संपत नाही. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत वेगळं विकायला काढलं, तेव्हा जग हसलं होतं. अडीच डॉलर, आणि तेही खोट्या घोड्याच्या खोट्या चिलखताला! कंपनीनं ते हसणं ऐकून घेतलं आणि विक्रीचे आकडे पाहिले. आज भाच्याच्या गेममधल्या शिपायाकडे भाच्यापेक्षा जास्त कपडे आहेत, आणि ते इस्त्रीलाही टाकावे लागत नाहीत.

बरं, एवढे पैसे भरून गेम आपला होतो का? ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ मध्ये आला. तो सतत इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला असावा लागे. २०२४ च्या मार्चअखेर कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला गेम एकट्यानं खेळायचीही सोय उरली नाही. मग ‘स्टॉप किलिंग गेम्स’ अशी मोहीम निघाली आणि युरोपात तिच्या अर्जावर दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला: दुकानात ‘विकत घ्या’ असं बटण ठेवायचं असेल, तर गिऱ्हाइकाला वस्तू मिळत नाही, फक्त वापरायचा परवाना मिळतो, हे त्याला स्पष्ट सांगा. आमच्या लहानपणीच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असे आणि आत मोजून पाच-सहा गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. तीही फसवणूकच होती. पण ते पाच-सहा गेम कायमचे आपले होते. कॅसेट अडली की तिच्यात फुंकर मारायची आणि ‘कॉन्ट्रा’ सुरू. सर्व्हर बंद झाला म्हणून कोणाचा मारिओ मेला नाही.

पुण्यातल्या एका स्टुडिओनं २०२० मध्ये ‘राजी’ नावाचा गेम आणला. भारतीय पुराणकथांवर बेतलेला, किंमत बड्या गेमच्या मानानं किरकोळ. मी भाच्याला तो सुचवला. तो म्हणाला, “सेल लागू दे, मामा. बघू.” स्वस्त वस्तूबाबत एवढा व्यवहारी मुलगा महाग वस्तूबाबत संत कसा होतो, हे मला पडलेलं कोडं आहे.

दुसरा पुरावा मोठ्या माणसांचा आहे. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं एक सदोष अपडेट पाठवलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडून बसले. चोरांपासून राखण करायला ठेवलेल्या, चांगली फी घेणाऱ्या प्रोग्रॅमनंच हे केलं. आपल्या विमानतळांवर लोकांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यावर लोकांनी काय केलं? पासचे फोटो काढले आणि हौसेनं सगळ्यांना पाठवले. अक्षर किती सुंदर आहे, यावर चर्चा झाली. हेच एखाद्या फुकट प्रोग्रॅममुळे झालं असतं, तर त्याच लोकांनी फुकटात मिळणाऱ्या वस्तूंची लायकी काढली असती.

आता तिसरा पुरावा, आमचे शेजारचे काका. बँकेतून निवृत्त, सोसायटीचे खजिनदार. ऑफिसचं विकतचं सॉफ्टवेअर घ्यायला सोसायटीच्या सभेत मंजुरी मिळेना, म्हणून त्यांच्या कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस बसवलं. खर्च शून्य. त्या दिवसापासून काका लिब्रेऑफिसवर जेवढे नाराज आहेत, तेवढे मेंटेनन्स थकवणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरही नाहीत. हे बटण इथे का, तो रकाना तिथे का, छापताना कडेची ओळ का जाते. मी म्हटलं, “काका, बँकेतलं सॉफ्टवेअर यापेक्षा बरं होतं का?” काका म्हणाले, “छे! ते तर दर सोमवारी बंद पडायचं. पण ते कोट्यवधींचं होतं.”

व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्लेअरवरही त्यांचा राग आहे. त्याचं चिन्ह म्हणजे रस्त्यावर ठेवतात तसला शंकू. मुलाच्या लग्नाची सीडी दुसऱ्या कशावर चालेना, ती व्हीएलसीवर चालली. तरी ते म्हणतात, “यांना अजून तो रस्त्यावरचा नारिंगी शंकूच सापडतो?” मी त्यांना सांगितलं की व्हीएलसीची सुरुवात १९९६ मध्ये पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. त्यात जाहिराती घुसवण्यासाठी पुढे कोट्यवधी युरोंचे देकार आले, आणि प्रकल्पाचे प्रमुख जॉं-बातिस्त केंफ यांनी ते नाकारले. काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “घ्यायचे होते. निदान एक बरं चिन्ह तरी काढून घेता आलं असतं.”

चित्रं दुरुस्त करायच्या गिंप या फुकट प्रोग्रॅमची २.१० ही आवृत्ती २०१८ मध्ये आली आणि ३.० यायला २०२५ उजाडलं. सात वर्षं लागली, म्हणून ते लोक आळशी ठरले. ड्यूक न्यूकेमला चौदा लागली, तर ते कलावंत ठरले.

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांची गोष्ट तर काकांनाही मागे टाकणारी आहे. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणारा कर्ल हा त्यांचा प्रोग्रॅम जगात कोट्यवधी उपकरणांत आहे: फोनमध्ये, टीव्हीत, मोटारींत. परवान्याची अट म्हणून गाडीच्या पडद्यावर कुठेतरी बारीक अक्षरांत त्यांचं नाव आणि ईमेल येतो. त्यामुळे अधूनमधून कोणीतरी अनोळखी गाडीमालक त्यांना कळवतो की माझ्या गाडीतला नकाशा चालत नाही, काय ते बघा. गाडीच्या कंपनीला लाखो रुपये दिले, तिला विचारायचा संकोच वाटतो. ज्याला दमडी दिली नाही, त्याला मात्र हक्कानं. २०२२ च्या जानेवारीत एका बड्या कंपनीनं त्यांना पत्र धाडलं: अमुक सुरक्षा त्रुटीबद्दलच्या आमच्या प्रश्नांची उत्तरं २४ तासांत द्या. स्टेनबर्ग यांनी नम्रपणे कळवलं की आधी सेवेचा करार करू, मग जरूर देतो. पुणेरी दुकानदारालाही इतक्या कमी शब्दांत हे जमलं नसतं.

माणूस असा का वागतो? मला वाटतं, पाच हजारांच्या गेमला वाईट म्हणायचं, तर पाच हजार देणाऱ्यालाही काहीतरी म्हणावं लागतं. तेवढं टाळण्यासाठी माणूस पॅचची वाट पाहतो. फुकट वस्तूला नावं ठेवताना ही अडचण नसते. तिथे स्वतःच्या अकलेचा प्रश्न येत नाही, फक्त दुसऱ्याच्या येतो.

यावरून ओपन सोर्सवाले, म्हणजे कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवणारे, सगळे गरीब गाई आहेत, असा समज होऊ देऊ नये. तिथे तर मतांचं पीक बारमाही आहे. त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमला नुसतं ‘लिनक्स’ म्हणा, लगेच कोणीतरी दुरुस्ती करतं की ‘ग्नू/लिनक्स’ म्हणावं. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा टॅबनं सोडावी की स्पेसनं, यावर दोन सज्जनांचं बोलणं बंद होऊ शकतं. आणि मतभेद मिटलेच नाहीत, तर फोर्क. म्हणजे सगळा कोड उघडाच असतो, त्याची प्रत घ्यायची आणि नव्या नावानं संसार थाटायचा. हे आपल्याला समजावून सांगायला नको. गणेश मंडळात वर्गणीवरून वाजलं की पुढच्या गल्लीत दुसरा गणपती बसतो, तोच हा प्रकार. लिब्रेऑफिस हेही २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेलं मंडळ आहे. फरक इतकाच की इथे फुटलेल्या मंडळाचा देखावा जुन्यापेक्षा चांगला झाला.

विम नावाचा एक संपादक आहे, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. त्यातून बाहेर कसं पडायचं, हा प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. विमचे कर्ते ब्राम मोलेनार २०२३ मध्ये वारले. त्यांनी आयुष्यभर प्रोग्रॅम फुकट दिला आणि बदल्यात एवढंच सुचवलं की आवडला, तर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा. विम उघडताना तो मजकूर समोर येतो. बाहेरचा रस्ता सापडेना म्हणून पुष्कळांनी तो अनेकदा वाचला असणार. पैसे किती जणांनी पाठवले, ही वेगळी गोष्ट.

आणि दरवर्षी एक मत ठरलेलं: ‘हे वर्ष डेस्कटॉपवर लिनक्सचं.’ जगातले ५०० सगळ्यांत वेगवान महासंगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात, खिशातला अँड्रॉइड फोन त्याच्याच गाभ्यावर चालतो, पण काकांच्या टेबलावर तो काही येईना. त्यासाठी परिषदा झाल्या, भाषणं झाली. शेवटी २०२२ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीनं स्टीम डेक हा हातात धरून गेम खेळायचा कॉम्प्युटर आणला आणि लिनक्स पोरांच्या हातात गेला. विंडोजसाठी केलेले गेम लिनक्सवर चालवायची त्यातली सोय वाइन या प्रकल्पावर उभी आहे, आणि ते काम १९९३ पासून चाललं होतं. तत्त्वज्ञानानं जे झालं नाही, ते खेळण्यानं झालं. भाचा लिनक्स वापरतो हे भाच्याला अजून माहीत नाही. कोणी सांगू नये, तो ताबडतोब चिडायला लागेल.

इथवर हसून झालं. पण फुकटच्या रागाची खरी किंमत किती असते, हे २०२४ च्या मार्चमध्ये कळलं. एक्सझेड हा फाइली आवळून लहान करणारा छोटा प्रोग्रॅम जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो. तो लासे कोलिन नावाचा एक माणूस सवडीनं सांभाळत होता, आणि थकला होता. त्याला अनोळखी नावांनी पत्रं येऊ लागली: काम किती सावकाश चाललंय, लोकांना ताटकळत ठेवता, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्याच सुमारास ‘जिआ टान’ या नावाचा कोणीतरी मदतीला धावून आला होता. दोन वर्षं त्यानं मन लावून काम केलं, विश्वास कमावला, किल्ल्या मिळवल्या आणि मग प्रोग्रॅममध्ये गुपचूप चोरदरवाजा बसवला. तक्रार करणारी ती अनोळखी माणसं त्याचीच साथीदार असावीत, असा जाणकारांचा दाट संशय आहे. म्हणजे जगातल्या सर्व्हरांचं कुलूप फोडायला निघालेल्या चोरानं हत्यार म्हणून वापरली ती तुमची-आमची नेहमीची कुरकुर. ती इतकी ओळखीची होती की कोणाला शंकासुद्धा आली नाही.

तो दरवाजा सापडला, तोही एका तक्रारखोरामुळेच. आंद्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधल्या इंजिनिअरला वाटलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपल्याकडे एवढ्या वेळात सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्याचा हॉर्न वाजतो. पण या माणसानं हॉर्न वाजवला नाही. त्यानं वेळ मोजला, कुठे जातो ते शोधलं, कोड उलगडला आणि २९ मार्चला जगाला पुराव्यासकट कळवलं. रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागेही एमआयटीतला सारखा कागद अडकवणारा प्रिंटर होता. त्याच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायला लागणारा कोड त्यांना मिळाला नाही, आणि १९८३ मध्ये त्यांनी सगळीच व्यवस्था नव्यानं लिहायचं जाहीर केलं. काकांचा स्वभाव आणि स्टॉलमन यांचा स्वभाव यांत फार अंतर नाही. फक्त काका प्रिंटर अडकला की वॉचमनला बोलावतात.

तेव्हा तक्रार सोडा, असं मी सांगणार नाही. ते मराठी माणसाला जमायचंही नाही. फक्त फुकट प्रोग्रॅमवर चिडायचं असेल, तर मोजून आणि नीट लिहून चिडा: कोणती आवृत्ती, काय केलं, काय झालं. लिब्रेऑफिस येत नसेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर त्याचे धडे मराठीत आहेत, फुकट. ते संपवून मग बटणांच्या जागांना नावं ठेवा. मराठी भाषांतर खटकत असेल, तर स्वतः सुधारून पाठवा, तिथे ते आनंदानं घेतात. आणि विकतच्या गेमचे पैसे तो बाहेर येऊन महिना उलटल्यावरच भरा. त्या महिन्यात जो प्रोग्रॅम रोज वापरला जातो आणि रोज शिव्या खातो, त्याच्या कर्त्यांना शंभर रुपये पाठवून द्या. त्यानंतर केलेली तक्रार निदान विकतची असेल, आणि नियमाप्रमाणे आपोआप सौम्यही होईल.